वाद टाळून झालेले एकमत

एप्रिल 1951मध्ये ब्रिटनच्या मजूर सरकारला तडा गेला तो दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांवरून. राष्ट्रीय आरोग्य सेवेतून या वस्तू मोफत मिळत होत्या. त्यांच्या किमतीचा काही भाग रुग्णांकडून घ्यायचा, असे अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी अर्थसंकल्पात ठरवले. पहिल्या वर्षी त्यातून सरकारच्या पदरात पडणार होते जेमतेम 1 कोटी 30 लाख पौंड. तीन वर्षांपूर्वी ही सेवा ज्यांनी उभी केली ते अन्यूरिन बेव्हन राजीनामा देऊन बाहेर पडले. तरुण व्यापारमंत्री हॅरॉल्ड विल्सनही त्यांच्यासोबत गेले. दुभंगलेला पक्ष ऑक्टोबरातल्या निवडणुकीला सामोरा गेला आणि सत्ता चर्चिल यांच्या हुजूर पक्षाकडे गेली.

त्या अर्थसंकल्पामागे आणखी एक आकडा होता. कोरियाचे युद्ध पेटल्यावर सरकारने तीन वर्षांत 470 कोटी पौंडांची शस्त्रसज्जता जाहीर केली होती. वर्षाकाठचा हिशेब केला तरी ही रक्कम कवळ्या-चष्म्यांच्या बचतीच्या शंभरपटीहून मोठी होती. एवढ्या शस्त्रांसाठी लागणारी यंत्रे आणि कच्चा माल देशाला मिळणारच नाही, हा मुद्दा बेव्हन यांनी राजीनाम्याच्या भाषणात मांडला. तो कोणी मनावर घेतला नाही. चर्चिल पंतप्रधान झाले आणि हा कार्यक्रम ठरल्या मुदतीत पुरा होणार नाही, हे काही महिन्यांतच त्यांना मान्य करावे लागले. लहान आकड्यावर सरकार फुटले होते. मोठ्या आकड्याबाबत दोन्ही पक्षांच्या नेत्यांचे आधीच जमलेले होते.

युद्धोत्तर ब्रिटनची कहाणी साधारणपणे दोन तऱ्हांनी सांगितली जाते. पहिल्या कहाणीत मजूर पक्ष 1945नंतर न पेलणारे कल्याणकारी राज्य उभारतो, उद्योग सरकारच्या ताब्यात घेतो, कामगार संघटनांना डोक्यावर बसवतो आणि देश डबघाईला आणतो. मग 1979मध्ये मार्गारेट थॅचर येतात आणि देश सावरतो. दुसऱ्या कहाणीत 1945 ते 1975 हा सुखाचा आणि समतेचा काळ असतो आणि थॅचर तो मोडून टाकतात. या दोन्ही पक्षांच्या कहाण्या आहेत. निवडणुकांत जे विषय गाजले त्यांच्याभोवतीच त्या फिरतात. माझे म्हणणे असे की ब्रिटनला सर्वांत महाग पडले ते न गाजलेले विषय. जिथे दोन्ही पक्षांनी वाद न घालताच एकमत करून टाकले, तिथे तो देश पुन्हा पुन्हा ठेचकाळला. जिथे कडाक्याचे भांडण होऊन मग एकमत झाले, तिथली व्यवस्था पाऊणशे वर्षांनंतरही उभी आहे.

सुरुवात 1945पासून करावी लागते. जुलैच्या निवडणुकीत क्लेमंट ॲटली यांच्या मजूर पक्षाला 640पैकी 393 जागा मिळाल्या. दारिद्र्य, रोगराई, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी यांच्याविरुद्ध मोहीम उघडण्याचा 1942चा बेव्हरिज अहवाल लोकांनी उचलून धरला होता, आणि हा कौल त्या अपेक्षेचा होता. तिजोरीची अवस्था मात्र बिकट होती. सरकारी कर्ज लवकरच राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे अडीचपट झाले. युद्धकाळात अमेरिकेकडून येणारी मदत ऑगस्ट 1945मध्ये एकाएकी थांबली. जॉन मेनार्ड केन्स वॉशिंग्टनला गेले आणि डिसेंबरात दोन टक्के व्याजाने 375 कोटी डॉलरचे कर्ज ठरले. कर्ज अमलात आल्यापासून वर्षभरात पौंडाच्या बदल्यात मागेल त्याला डॉलर द्यायचे, अशी अट होती. 15 जुलै 1947ला ती अमलात आली. ज्यांच्याकडे पौंड होते ते डॉलरसाठी धावले आणि गंगाजळी इतक्या वेगाने आटली की 20 ऑगस्टला सरकारला हात वर करावे लागले. त्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला डिसेंबर 2006मध्ये. युद्धात जो कधी रेशनवर आला नव्हता तो पावही जुलै 1946 ते जुलै 1948 या काळात रेशनवर होता.

एवढे पौंड जगभर कोणाकडे पडून होते? त्यांतला सर्वांत मोठा वाटा आपला होता. युद्धात हिंदुस्थानातून धान्य, कापड आणि इतर सामान गेले, सैन्यावर खर्च झाला. त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होत गेली आणि युद्धाअखेर ती एक अब्ज पौंडांहून अधिक भरली. इथल्या लोकांनी ती महागाई सोसून आणि टंचाई भोगून उभी केली होती. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख 1944मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेला गेले, तेव्हा या शिलकेचे काय होणार हा भारतीय शिष्टमंडळाचा कळीचा प्रश्न होता. हे देणे सन्मानाने फेडू, असे केन्स यांनी तिथे सांगितले. लंडनमध्ये चर्चिल यांना मात्र हिंदुस्थानच्या रक्षणाचा खर्च त्यातून वळता करून घ्यायचा होता. अखेर 1947 आणि 1948च्या करारांतून ती रक्कम टप्प्याटप्प्याने मोकळी होऊ लागली. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर जो प्रश्न होता, तोच दुसऱ्या बाजूने ब्रिटिश अर्थमंत्र्यांच्याही टेबलावर होता: हाती डॉलर नाहीत आणि निम्म्या जगाची ठेव आपल्याकडे आहे, तर सावकारी चालवायची कशी?

ब्रिटिश राजकारणाने या प्रश्नाला खरे उत्तर कधी दिलेच नाही. पौंड हे जगाचे राखीव चलन राहिले पाहिजे, त्याचा डॉलरशी ठरलेला दर टिकलाच पाहिजे, आणि जर्मनीपासून सिंगापूरपर्यंत ब्रिटिश फौजा राहिल्याच पाहिजेत, ही तिन्ही गृहीतके दोन्ही पक्षांनी वारशासारखी उचलली. घरी नवी घरे, नवी इस्पितळे आणि नवे कारखाने उभारायचे होते. त्याच वेळी बाहेर साम्राज्याच्या काळातले स्थान सांभाळायचे होते. दोन्ही एकत्र जमणार नसेल तर काय सोडायचे, हा प्रश्न एकाही निवडणुकीत मतदारासमोर ठेवला गेला नाही.

सप्टेंबर 1949मध्ये स्टॅफर्ड क्रिप्स यांनी पौंडाचा दर 4.03 डॉलरवरून 2.80 डॉलरवर आणला. आदल्या महिन्यांत ते अवमूल्यनाची शक्यता वारंवार नाकारत होते. भारताने रुपयाही तेवढाच खाली आणला. पाकिस्तानने तसे केले नाही आणि दोन देशांतला ताग-कापसाचा व्यापार अडकून पडला. खुद्द ब्रिटनला या निर्णयाचा फायदाच झाला, निर्यात सुधारली. राजकारणात मात्र मजूर पक्षाच्या कपाळी ‘पौंड पाडणारा पक्ष’ असा शिक्का बसला. अवमूल्यन हे धोरणाचे एक साधन आहे, ते कधी वापरावे आणि कधी नाही, अशी चर्चा त्यातून सुरू व्हायला हवी होती. तिच्याऐवजी तो अब्रूचा प्रश्न होऊन बसला. अब्रूच्या प्रश्नावर कोणी हिशेब मांडत नाही.

आरोग्य सेवेचे उलट झाले. 1946मध्ये तिचे विधेयक आले तेव्हा हुजूर पक्षाने विरोधात मतदान केले, डॉक्टरांच्या संघटनेने दोन वर्षे झुंज दिली, आणि 5 जुलै 1948ला ती सुरू झाल्यावरही खर्चावरून आरडाओरडा थांबला नाही. हुजूर पक्ष सत्तेत आल्यावर त्याने 1953मध्ये या खर्चाची छाननी करायला गिलेबॉड समिती नेमली. उधळपट्टी सापडेल अशी अनेकांची अटकळ होती. 1956च्या जानेवारीत अहवाल आला. सेवेवरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात पावणेचार टक्क्यांवरून सव्वातीन टक्क्यांवर उतरला होता. इस्पितळांच्या बांधकामावर तर फारच कमी पैसा जात होता. हुजूर पक्षाने निष्कर्ष स्वीकारले आणि ती सेवा मोडण्याची भाषा मुख्य प्रवाहाच्या राजकारणातून हद्दपार झाली. आधी मतभेद, मग पुराव्यानिशी चौकशी आणि त्यानंतर मान्यता, या वाटेने आलेले हे एकमत होते. म्हणूनच ते टिकले.

पन्नाशीच्या दशकातल्या दोन पक्षांच्या जवळिकीला ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने 1954मध्ये एक नाव दिले. हुजूर पक्षाचे अर्थमंत्री रॅब बटलर आणि त्यांच्या आधीचे गेट्स्केल या दोन नावांची सांगड घालून ‘मिस्टर बट्स्केल’ हे पात्र जन्माला आले. पूर्ण रोजगार, मिश्र अर्थव्यवस्था आणि कल्याणकारी योजना यांवर दोघांचे जुळते, असा त्याचा अर्थ. जुळत असलेल्या गोष्टींत पौंडही होता, तो मात्र कोणी मोजला नाही. खरे तर 1952मध्ये पौंडाचा दर बाजारावर सोडून देण्याची ‘रोबॉट’ नावाची योजना बटलर यांनीच मंत्रिमंडळापुढे नेली होती. बंद दाराआड खडाजंगी झाली आणि ती बाजूला पडली. ती योजना चांगली होती की वाईट, यावर अभ्यासकांचे आजही दुमत आहे. इतका मोठा पर्याय सरकारसमोर आला आणि गेला, याचा मतदाराला पत्ता नव्हता, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

मतदाराला त्याचे परिणाम तेवढे भोगावे लागले. एप्रिल 1955मध्ये बटलर यांनी प्राप्तिकर पौंडामागे सहा पेन्सांनी कमी केला. मे महिन्यात निवडणूक झाली, नवे पंतप्रधान अँथनी ईडन यांचे बहुमत वाढले. लोकांच्या हातात पैसा आला, आयात वाढली, पौंडावर ताण आला. ऑक्टोबरात बटलर यांना तातडीचा दुसरा अर्थसंकल्प आणावा लागला आणि त्यात स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांवरही खरेदी कर बसला. वसंतात दिलेले शरदात काढून घेतले. 1959मध्ये हेच पुन्हा घडले: एप्रिलमध्ये करसवलत, ऑक्टोबरात हॅरॉल्ड मॅकमिलन यांचा दणदणीत विजय, आणि 1961मध्ये बँक दर सात टक्क्यांवर आणि सरकारी नोकरांची वेतनवाढ गोठवलेली.

या धोरणाला ‘थांबा आणि चला’ असे नाव पडले. त्याचा फटका बसण्याचा मार्ग अगदी सरळ होता. पौंड डळमळला की सरकार हप्त्यांवरच्या खरेदीचे नियम आवळी. मोटार किंवा धुलाई यंत्र घेताना आधी भरायची रक्कम वाढे, हप्त्यांची मुदत घटे. महिनाभरात दुकानांतली मागणी ओसरे आणि कॉव्हेंट्री-बर्मिंगहॅमच्या मोटार कारखान्यांत आठवड्याचे काम कमी होई. नवी यंत्रसामग्री घेण्याचा बेत पुढे ढकलला जाई. दीड-दोन वर्षांनी निवडणूक जवळ आली की नियम सैल होत आणि जुन्याच यंत्रांवर घाईने माल काढावा लागे. दहा वर्षांचा विचार करून पैसा गुंतवावा असे कोणत्या कारखानदाराला वाटेल? 1950 ते 1973 या काळात ब्रिटनची अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी सुमारे तीन टक्क्यांनी वाढली. पश्चिम जर्मनीचा वेग जवळपास दुप्पट होता. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशाला बरेच काही भरून काढायचे होते, हा फरक धरला तरी उरलेली तफावत लहान नव्हती.

वाद टाळण्याची परिसीमा 1964मध्ये गाठली गेली. त्या ऑक्टोबरात हॅरॉल्ड विल्सन अवघ्या चार जागांच्या बहुमताने पंतप्रधान झाले. परकीय व्यवहारात सुमारे 80 कोटी पौंडांची तूट त्यांच्या पुढ्यात आली. निकालानंतरच्या पहिल्याच शनिवारी विल्सन, अर्थमंत्री जेम्स कॅलहन आणि जॉर्ज ब्राऊन हे तिघे बसले आणि अवमूल्यन करायचे नाही असे ठरवून उठले. कारणे समजण्यासारखी होती. 1949चा शिक्का पुन्हा बसला असता, आणि पौंड व सुएझच्या पूर्वेकडच्या फौजा दोन्ही टिकाव्यात असा अमेरिकेचा आग्रह होता. पण निर्णय झाल्यावर त्या विषयाची चर्चाच बंद झाली. सरकारी वर्तुळात अवमूल्यनाचा उल्लेख ‘ज्याचे नाव घ्यायचे नाही ते’ असा होऊ लागला. देशातले उत्तम अर्थतज्ज्ञ सरकारच्या सल्लागारांत होते, त्यांतल्या अनेकांना दर टिकणार नाही असे वाटत होते, आणि तरीही तो शब्द बैठकीत काढायचा नाही अशी रीत पडली. विरोधी बाकांवरूनही तो प्रश्न आला नाही, कारण त्यांचेही मत तेच होते.

याच सरकारने सप्टेंबर 1965मध्ये राष्ट्रीय योजना प्रसिद्ध केली. 1970पर्यंत उत्पादन 25 टक्क्यांनी वाढवायचे होते. दहा महिन्यांनी, जुलै 1966मध्ये, पौंड वाचवण्यासाठी सरकारी खर्चाला कात्री लागली, वेतने गोठवली गेली आणि योजना तिथेच संपली. ज्या पौंडासाठी हे केले तोही वाचला नाही. 18 नोव्हेंबर 1967ला दर 2.40 डॉलर झाला. कॅलहन यांनी अर्थखाते सोडले. पुढच्या जानेवारीत सुएझच्या पूर्वेकडून फौजा मागे घेण्याचे जाहीर झाले. त्याच यादीत औषधांच्या चिठ्ठीवरचे शुल्क परत आले आणि शाळा सोडण्याचे किमान वय वाढवण्याचा निर्णय लांबणीवर पडला. तीन वर्षे ज्यावर बोलायचे नाही असे ठरवले होते, त्याची किंमत रुग्णांनी आणि शाळकरी मुलांनी मोजली. 1969पर्यंत परकीय व्यवहारात शिल्लक दिसू लागली. जे 1967मध्ये नाइलाजाने केले ते 1964मध्ये विचाराने केले असते, तर त्या योजनेला निदान एक खरी संधी मिळाली असती.

यावर एक सबळ आक्षेप आहे. जून 1972मध्ये पौंडाचा ठरलेला दर सुटला, सुएझच्या पूर्वेकडच्या बहुतेक फौजाही परतल्या होत्या. मग ब्रिटनची भरभराट का झाली नाही? उलट ऑगस्ट 1975मध्ये महागाई 27 टक्क्यांच्या घरात पोहोचली. तेलाच्या किमती चौपट झाल्या होत्या, हे एक उत्तर आहे. ते अपुरे आहे, कारण तेलाचा धक्का जर्मनीने आणि जपाननेही सोसला. दुसरे उत्तर वाद टाळून झालेल्या आणखी एका एकमतात सापडते. ते वेतनाबद्दलचे होते.

पूर्ण रोजगाराचे वचन 1944च्या श्वेतपत्रिकेत युद्धकालीन संयुक्त सरकारने दिले, तेव्हा वेतने आणि किमती आटोक्यात राहिल्या तरच ते पाळता येईल असेही तिच्यात म्हटले होते. ते उघड होते. नोकरी जाण्याची भीती नसलेला कामगार जास्त वेतन मागणार, आणि मागणी भरपूर असताना मालक ते देऊन किंमत वाढवणार. हे कोणत्या व्यवस्थेने सांभाळायचे? स्वीडनमध्ये मालक आणि कामगार यांच्या मध्यवर्ती संघटनांनी 1938मध्येच एकत्र बसून वाटाघाटींची चौकट घालून घेतली होती. पश्चिम जर्मनीने 1951मध्ये कोळसा-पोलाद उद्योगांच्या संचालक मंडळांत कामगारांना स्थान दिले. ब्रिटनमध्ये असे काहीच उभे राहिले नाही. मजूर पक्षाला संघटनांना दुखवायचे नव्हते, कारण तो पक्षच त्यांच्या वर्गणीवर उभा होता. हुजूर पक्षालाही दुखवायचे नव्हते, कारण तिशीच्या दशकातल्या बेकारीचा पक्ष ही ओळख त्याला पुसायची होती. चर्चिल यांनी वॉल्टर मंक्टन यांना कामगारमंत्री नेमले ते औद्योगिक शांतता राखण्यासाठीच. संघटना आणि मालक यांनी आपसांत काय ते ठरवावे, सरकारने कायदा करून मध्ये पडू नये, हे जवळपास दोन दशके दोन्ही पक्षांनी धरून ठेवले. ते चांगल्या दिवसांत खपून गेले.

1969मध्ये मजूर पक्षाच्याच बार्बरा कॅसल यांनी या विषयाला हात घातला. काही संपांपूर्वी 28 दिवसांची तडजोडीची मुदत आणि मतदान असे प्रस्ताव त्यांच्या श्वेतपत्रिकेत होते. संघटनांनी विरोध केला आणि मंत्रिमंडळातून त्याला उघड साथ दिली गृहमंत्री कॅलहन यांनी. जूनमध्ये प्रस्ताव गुंडाळले गेले. हुजूर पक्षाच्या एडवर्ड हीथ यांनी 1971मध्ये कायदा केला, पण तो संघटनांना विश्वासात न घेता. 1972मध्ये पाच गोदी कामगार तुरुंगात गेले आणि कायदा लंगडा पडला. 1974च्या आरंभी कोळशाच्या टंचाईने तीन दिवसांचा आठवडा आला आणि हीथ निवडणूक हरले.

कॅलहन पंतप्रधान झाले 1976मध्ये. ब्रिटनची अर्थ, गृह, परराष्ट्र आणि पंतप्रधान ही चारही मोठी पदे भूषवणारे ते एकमेव गृहस्थ. त्या सप्टेंबरात ब्लॅकपूलच्या अधिवेशनात त्यांनी पक्षाला बजावले की खर्च वाढवून मंदीतून बाहेर पडता येते हा समज आता सोडा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 390 कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. ते घेण्याआधी मंत्रिमंडळात अँथनी क्रॉसलंड, टोनी बेन आणि डेनिस हीली यांच्यात जो तपशीलवार वाद झाला तो त्या पिढीतला सर्वोत्तम आर्थिक वाद असावा; पण तो झाला तेव्हा दारात सावकार उभा होता. दोन वर्षांनी सरकारने वेतनवाढीवर पाच टक्क्यांची मर्यादा घातली, फोर्डच्या कामगारांनी 17 टक्के मिळवले आणि 1978-79चा हिवाळा संपांत गेला. 28 मार्च 1979ला कॅलहन यांचे सरकार 311 विरुद्ध 310 अशा एका मताने पडले. दहा वर्षांपूर्वी त्यांनी जो वाद मिटवला होता, तोच त्यांच्यावर उलटला.

थॅचर यांच्याबद्दल लिहिताना दोन्ही बाजूंनी प्रामाणिक राहावे लागते. जे इतरांनी टाळले ते त्यांनी उघड मांडले. संघटनांचे कायदे, सरकारी उद्योगांची विक्री, कर या सगळ्यांवर त्या भांडल्या आणि तीन निवडणुका जिंकल्या. संपापूर्वी मतदान ही कॅसल यांचीच कल्पना कायद्यात आली आणि मजूर पक्षाने परत सत्तेत आल्यावर ती रद्द केली नाही. हेही वादातून आलेले एकमत होय. पण त्याच काळात व्याजदर 17 टक्क्यांवर गेला, उत्तर समुद्रातल्या तेलाने पौंड वधारला, आणि दोन वर्षांत कारखानदारीचे उत्पादन सुमारे सातव्या हिश्शाने घसरले. मार्च 1981मध्ये 364 अर्थतज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहून धोरणाला विरोध केला. 1982च्या जानेवारीत बेकारांची संख्या 30 लाखांवर गेली. साऊथ वेल्स, डरहॅम आणि यॉर्कशरमधल्या खाणगावांनी 1984-85च्या वर्षभराच्या संपानंतर जे गमावले ते त्यांना पुन्हा मिळाले नाही. त्या माणसांचे पुढे काय करायचे याची योजना सरकारकडे नव्हती. एवढ्या माणसांना वाऱ्यावर सोडणे हे कोणत्याही आर्थिक सिद्धांताने समर्थनीय ठरत नाही, असे मी मानतो.

वाद घालणाऱ्या थॅचर यांच्याच कारकिर्दीच्या अखेरीस जुना रोग पुन्हा उद्भवला. ऑक्टोबर 1990मध्ये ब्रिटन युरोपीय विनिमय दर यंत्रणेत एका पौंडाला 2.95 मार्क या दराने दाखल झाला. थॅचर नाखुशीने तयार झाल्या होत्या. मजूर पक्षाचा आणि लिबरल डेमोक्रॅट्सचाही पाठिंबा होता. दर फार चढा आहे का, हा प्रश्न संसदेत धसास लागला नाही. 16 सप्टेंबर 1992ला सरकारने एकाच दिवसात व्याजदर 10वरून 12 आणि तिथून 15 टक्क्यांवर नेण्याचे जाहीर केले आणि संध्याकाळी यंत्रणेतून माघार घेतली. त्याआधीच्या दोन वर्षांत चढ्या व्याजाने हजारो कुटुंबांची घरे कर्जापायी गेली होती. बाहेर पडल्यावर अर्थव्यवस्था सावरली. 1997नंतर बँकांवरच्या सैल देखरेखीबद्दल असेच झाले. टोनी ब्लेअर आणि गॉर्डन ब्राऊन यांना लंडनच्या वित्तक्षेत्राचा अभिमान होता आणि विरोधी पक्षाची तक्रार होती ती नियम फार आहेत अशी. सप्टेंबर 2007मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागेपर्यंत हे चालले.

मग भांडण म्हणजेच शहाणपण का? तसे नाही, आणि याचा पुरावाही ब्रिटनमध्येच आहे. पोलाद उद्योग 1951मध्ये सरकारी झाला, 1953पासून पुन्हा खासगी होऊ लागला, 1967मध्ये पुन्हा सरकारी झाला आणि 1988मध्ये परत विकला गेला. मालक कोण यावर चार दशके कज्जा चालला आणि भट्ट्या कोणत्या, माल कोणता, गिऱ्हाईक कोण, हे प्रश्न मागे पडले. नुसत्या आवाजाने काही साधत नाही. गिलेबॉड समितीने जे केले ते पोलादाच्या बाबतीत कोणी केले नाही: दोन्ही बाजूंचे दावे मोजून पाहिले नाहीत, आणि मोजल्यावर हरलेल्या बाजूने ते मान्य करायचे असते ही शिस्तही पाळली नाही.

लोकशाहीत दोन मोठे पक्ष एखाद्या प्रश्नावर सहमत झाले की आपल्याला हायसे वाटते. राष्ट्रहिताला पक्षापेक्षा वर ठेवले, असे आपण म्हणतो. ब्रिटनचा अर्धशतकाचा अनुभव सांगतो की अशा वेळी नागरिकाने दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत. हे एकमत होण्याआधी पर्याय उघडपणे मांडले गेले होते का? आणि ते चुकीचे ठरले तर बदलायचे कसे, याची वाट ठेवली आहे का? आरोग्य सेवेबाबत दोन्हींचे उत्तर होकारार्थी होते. 1964च्या पौंडाबाबत, मंक्टन यांच्या काळातल्या वेतनांबाबत आणि 1990च्या 2.95 मार्कांबाबत दोन्हींचे उत्तर नकारार्थी होते. विरोधी पक्षाचे काम सरकारच्या प्रत्येक निर्णयाला विरोध करणे एवढेच नाही. सरकारशी आपले जिथे पटते, तिथला हिशेब मागणे हे त्याचे अधिक अवघड आणि अधिक गरजेचे काम आहे. ते ज्या देशात होत नाही, तिथे तो प्रश्न अखेर बाजार विचारतो, आणि तेव्हा उत्तराला अवधी एका संध्याकाळचा असतो.